लॉगबुकातली 14 मिनिटं

फ्लाइंग स्कूलमध्ये सेस्ना 172 या छोट्या विमानाच्या डाव्या सीटवर पहिल्यांदा बसले तेव्हा समोरची धावपट्टी मला दिसलीच नाही. दिसलं ते पॅनेलचं काळं कपाळ आणि त्याच्यावर पट्टीएवढं आभाळ. माझी उंची पाच फूट एक इंच. सांगलीच्या आमच्या घरात मी उंचात जमा. आजी तर चार फूट दहाच होती. इन्स्ट्रक्टर सर म्हणाले, "उद्यापासून उशी घेऊन येत जा." घरी फोन केला आणि आईनं कुरिअरनं दोन उशा पाठवल्या. वाकळेच्या चिंध्या ठासून भरलेल्या, जाड्याभरड्या. एक खाली, एक पाठीशी. त्या घेऊन सीट पार पुढे ओढली की पाय रडरच्या, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या, पेडलांना नीट पोचायचे आणि नाकापुढचं जग दिसायचं.

उशांचं मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं पाठीशी असलेल्या उशीवरून सुरू झालं.

सीटचंही सांगायला हवं. फरशीत दोन रूळ असतात. त्यांना साधारण इंचाइंचावर भोकं. सीटखालचा दांडा उचलला की खिट्टी भोकातून बाहेर येते आणि सीट पुढेमागे सरकते. दांडा सोडला की खिट्टी जवळच्या भोकात पडते. पडायला हवी. कधीकधी ती दोन भोकांच्या मधल्या पत्र्यावर टेकून राहते, किंवा झिजलेल्या भोकात अर्धवट अडकते. आवाज मात्र 'टक' असाच येतो. म्हणून दांडा सोडल्यावर पाय रोवून पाठीनं सीट मागे रेटायची, गदागदा हलवायची. सर पहिल्या दिवसापासून सांगत, "कानावर विश्वास ठेवू नकोस, पाठीवर ठेव." इंजिन चालू करण्याआधीच्या चेकलिस्टमध्ये हे अगदी वरच येतं: सीट आणि पट्टे, नीट बसवलेले आणि लॉक केलेले. इतकं वर की दहाव्या सॉर्टीनंतर, म्हणजे उड्डाणानंतर, ते आपण वाचत नाही, नुसतं म्हणतो.

फेब्रुवारीतली सकाळ होती. माझे तोवर 43 तास झाले होते, त्यातले साडेआठ सोलो, म्हणजे एकटीनं उडवलेले. कमर्शियल लायसन्सला एकूण 200 तास लागतात, त्यात पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला पायलट, म्हणून 100. म्हणजे मी अजून घाटाच्या पायथ्याशीच होते. तासाचा दर तेव्हा बारा-तेरा हजार रुपये आणि बाबांनी घरावर कर्ज काढलेलं. त्या दिवशी मला एक तास सोलो सर्किट अँड लँडिंग दिलं होतं. उडायचं, धावपट्टीला आयताकृती फेरी मारायची, उतरायचं, पुन्हा उडायचं.

सातला ब्रेथ अ‍ॅनलायझरमध्ये फुंकलं. शून्य. (आमच्या मेसमध्ये चहासुद्धा इतका पातळ की दुसरं काही येण्याचा प्रश्नच नव्हता.) ऑथोरायझेशनवर सही घेतली, विमानाभोवती फेरी मारली, पेट्रोलचा नमुना काढून पाणी आहे का पाहिलं, तेल पाहिलं. विमान माझ्यापेक्षा वयानं मोठं. 172 हे पहिल्यांदा 1955 साली उडालं आणि आजवर 44,000 हून जास्त बनली. शिकणाऱ्यांचे इतके धक्के खाऊन टिकलेलं दुसरं विमान नसेल. आमच्या त्या विमानाच्या दाराला हँडलजवळ रंग उडून पत्रा चमकायचा. मला ते आवडायचं.

सीटवर बसले, उशा लावल्या, सीट ओढली, दांडा सोडला, पाठीनं रेटून हलवली. घट्ट. हे मी केलं होतं. हे मला पक्कं आठवतं, आणि नंतर बरेच दिवस मी याच आठवणीला धरून बसले होते.

टॅक्सी करत होल्डिंग पॉइंटला, म्हणजे धावपट्टीवर जाण्याआधी थांबायच्या जागी, आले. 1700 आरपीएमवर रन-अप, म्हणजे उडण्याआधीची इंजिनाची तपासणी केली, ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो पाहिले. सगळं बरोबर. तेवढ्यात आमच्यातलाच एक जण फायनल्सवर, उतरायच्या शेवटच्या टप्प्यावर, आल्याचं रेडिओवर म्हणाला. थांबावं लागलं. तीन मिनिटं असतील. थांबलेल्या विमानात माणूस चुळबुळ करतोच. पाठीची उशी जरा खाली घसरली होती, डावा ब्रेक पूर्ण दाबताना टाच उचलावी लागत होती. मी उशी वर ओढली. पाठीशी आणखी जागा झाली, म्हणून दांडा उचलून सीट एक घर पुढे घेतली. टक. समोरचं विमान उतरून बाजूला वळलं. मी रेडिओवर लाइन-अपचं बोलले आणि निघाले.

दांडा सोडला आणि सीट हलवली नाही. एवढंच. तीन सेकंदांचं काम.

पूर्ण थ्रॉटल दिला. नाकावर पंखा फिरणारं बहुतेक छोटं विमान ताकद लावली की डावीकडे ओढतं, म्हणून उजवा रडर देत राहावं लागतं. तो मी देत होते. "एअरस्पीड अलाइव्ह." काटा हलला. 40 नॉट. तेल, तापमान हिरव्यात. 55 ला नाक उचलायचं असतं. 50 च्या आसपास धावपट्टीतल्या एका सांध्यावर नाकाचं चाक जरासं उडालं आणि माझी सीट मागे गेली.

सरकली नव्हे, गेली. एस्टीत उभं असताना ड्रायव्हरनं एकदम क्लच सोडल्यावर होतं तसं, पण पाठीमागे कुणी धरायला नाही. पाय पेडलांवरून निघाले. डाव्या हातात कंट्रोलचा योक होता आणि माणूस मागे पडताना हातात असेल ते धरून ठेवतो, तसा मी तो धरून ठेवला. म्हणजे स्वतःबरोबर मागे ओढला. योक मागे म्हणजे विमानाचं नाक वर. समोरची धावपट्टी गेली, नुसतं आभाळ. पट्टीएवढं नव्हे, काचभर.

इथे जे विमान वर जातं आणि वेग संपून पडतं, त्यातली माणसं असं अनुभवकथन लिहायला राहत नाहीत. मी राहिले ते उजव्या हातामुळे. या विमानात थ्रॉटल म्हणजे पॅनेलमधून बाहेर आलेली एक काळी मूठ असते. आत ढकलली की ताकद, बाहेर ओढली की बंद. टेकऑफला उजवा हात त्या मुठीवरच असायला हवा, असा सरांचा दंडक होता. सुरुवातीला मी हात काढून मांडीवर ठेवायची, तेव्हा ते काही न बोलता माझा हात उचलून परत मुठीवर ठेवत. दहा-बारा वेळा तरी ठेवला असेल. त्या दिवशी मी मागे गेले तसा तो हातही मागे आला, आणि मूठ त्याच्याबरोबर बाहेर. इंजिन आपोआप आयडलवर आलं. माझं त्यात काही कसब नाही. मी फक्त मुठी आवळून मागे पडत होते. एका मुठीनं घात केला आणि दुसरीनं वाचवलं.

विमान काही फूट वर उचललं, डावीकडे वळलं, आणि खाली आलं ते धावपट्टीच्या कडेबाहेर, मुरमावर. आधी मागची चाकं, मग नाक. नाकाचं चाक मोडल्याचा आवाज मला आठवत नाही. प्रोपेलरचा आठवतो. पत्र्याच्या डब्यात कुणी झपाट्यानं दगड टाकावेत तसा, आणि एकदम बंद. मग धूळ. धुळीत इतका शांतपणा की पॅनेलमधला जायरो गरगरत असल्याची बारीक शीळ ऐकू येत होती.

यानंतर काय करायचं ते पाठ होतं आणि नवल म्हणजे पाठ असलेलंच झालं. मिक्श्चरची (इंजिनाला पेट्रोल देणारी) मूठ बाहेर. इग्निशन बंद. मास्टर बंद. पेट्रोलचा कॉक बंद. पट्टा सोडला. सीट इतकी मागे होती की मिक्श्चरला हात पुरायला पुढे वाकावं लागलं. नंतर मोजलं तेव्हा ती आठ इंच मागे गेलेली निघाली. दार उघडलं. जीभ चावली गेली होती, तोंडात रक्ताची चव. पेट्रोलचा वास येत होता. टाक्या पंखात असतात आणि विमान नाकावर कललं की व्हेंटमधून थेंब गळतात, हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं.

अग्निशमनाची गाडी निघायच्या आधी माझ्यापाशी पोचले ते मामा. धावपट्टीवरची कुत्री आणि शेळ्या हाकलायचं काम त्यांचं. जुनी एम-एटी आडवीतिडवी हाणत आले आणि लांबूनच ओरडले, "पोरी, भाईर ये आदी! पिशवी-बिशवी र्‍हाऊ दे!" मी खरंच उशी उचलत होते.

तासाभरात चक्रं फिरू लागली. पुन्हा ब्रेथ अ‍ॅनलायझर. पुन्हा शून्य. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी मान, खांदा, डोळे तपासले, रक्त घेतलं. खांद्यावर पट्ट्याचा तिरका निळा वण, बाकी काही नाही. माझं लॉगबुक, लायसन्स, मेडिकल, त्या दिवशीचा ऑथोरायझेशनचा कागद, विमानाचा टेक लॉग (बिघाड-दुरुस्तीची नोंदवही), सगळं एका कपाटात कुलूपबंद. कळवण्याचे फोन गेले. आणि विमानाला कुणी हात लावायचा नाही. माणूस बाहेर काढायला किंवा आग विझवायला लागेल तेवढंच हलवता येतं, बाकी तपास अधिकारी येईपर्यंत जिथे आहे तिथे. धावपट्टीच्या अगदी कडेला ते नाक खुपसून बसलेलं. साहजिकच उड्डाणं बंद. दोन दिवस. आमच्या बॅचमधली तीस-चाळीस मुलं खोल्यांमध्ये बसून होती. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी फोन केला. बाबांनी उचलला.

"बाबा, टेकऑफला विमान घसरलं. नाक मोडलं."

पलीकडे जरा थांबून, "तुझं?"

"विमानाचं."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि मग फोन आईकडे दिला, कारण त्यांना पुढे बोलता येईना.

संध्याकाळी निवेदन लिहायला सांगितलं. कोरे कागद, इंग्रजीत, स्वतःच्या अक्षरात. आमच्यात एक सीनियर होता, 180 तास झालेला. मनानं चांगला मुलगा. तो खोलीवर आला, दार लावलं आणि म्हणाला, "हे बघ, स्टार्टच्या आधी सीट चेक केली होतीस ना? तेवढंच लिही. होल्डिंग पॉइंटचं कशाला? कुणी बघितलं नाही. ती रेल झिजलीय हे सगळ्यांना माहितेय. मेंटेनन्सवर जाऊ दे. तुझं लायसन्स सस्पेंड झालं तर सहा महिने घरी बसशील."

त्याच्या बोलण्यात खोटं असं काही नव्हतं. सीट स्टार्टच्या आधी चेक केली होती. रेल झिजली होती हेही खरं. सीट सरकवताना ती त्या भागात खडबडते असं दोघा-तिघांनी बोलून दाखवलं होतं, टेक लॉगमध्ये मात्र कुणी लिहिलं नव्हतं. मीही नाही. लिहिलं की विमान जमिनीवर बसतं आणि आपलीच सॉर्टी जाते.

मी दीड पान लिहिलं. त्यात होल्डिंग पॉइंट होता, रन-अप होता, फायनल्सवरच्या विमानासाठी थांबले होते. दांडा नव्हता. सही केली. रात्री मेसच्या काकूंनी मुद्दाम माझ्यासाठी वरणभात मऊ करून आणला, जीभ चावली म्हणून. तो जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन अधिकारी दिल्लीहून आले. भारतात अपघातांचा तपास करणारी स्वतंत्र यंत्रणा, एएआयबी, 2012 पासून आहे. त्याआधी हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीएच करायचं. तेव्हा लागू असलेले नियम 2017 चे होते. मला वाटलं होतं दरडावून विचारतील. दोघंही आधी माझ्याशी बोललेच नाहीत. टोप्या घालून, मोजपट्टी घेऊन उन्हात चालत राहिले. धावपट्टीवर टायरच्या खुणा कुठे संपतात, मुरमात पुन्हा कुठे सुरू होतात. मग त्यांनी जमिनीवरचे चरे मोजले. प्रोपेलरच्या पात्यांनी जमीन कापली होती, नांगराच्या तासासारख्या आडव्या रेघा एकामागोमाग. त्यातले जे वयानं मोठे होते त्यांनी मला हाक मारून जवळ बोलावलं आणि शिकवल्यासारखं सांगितलं: "दोन रेघांत साधारण दीड फूट अंतर आहे. पाती दोन. वेग 35 नॉटच्या आसपास धरला तर इंजिन 1200 आरपीएमला फिरत होतं. फुल पॉवर असती तर या रेघा एकमेकींच्या बऱ्याच जवळ आल्या असत्या. शिवाय पात्यांची टोकं मागे वळलीत. थ्रॉटल तू बंद केलास?"

मी म्हटलं, "केला नाही. झाला." आणि सीटचं सांगितलं. मुरमावरच्या रेघांनी माझ्या उजव्या हाताची साक्ष दिली होती, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं. आजही वाटतं.

इंजिनाच्या मागचा पोलादी पत्रा, ज्याला फायरवॉल म्हणतात, त्याला खालच्या बाजूला सुरकुत्या पडल्या होत्या. नाकाचं चाक त्यालाच जोडलेलं असतं. त्या सुरकुत्यांवरून ठरलं की याला अपघात म्हणायचं. नुसता प्रोपेलर किंवा नुसतं इंजिन खराब झालं असतं तर कागदोपत्री तो अपघात ठरला नसता. विमानाच्या सांगाड्याच्या मजबुतीला धक्का लागला, मोठी दुरुस्ती आली, की ठरतो. मामांनी तोवर गावात सांगून टाकलं होतं की इमान पडलं. गावाची व्याख्या जास्त सोपी होती.

सीट बाहेर काढली. मी लांब उभी होते. एका अधिकाऱ्यानं खिट्टी बोटानं दाबून पाहिली, रुळाच्या भोकांत गेज घालून मोजलं, फोटो काढले. पुढून तिसरं-चौथं भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालं होतं. ठेंगण्या पोरींचं भोक, असं एकजण कुजबुजला. आमच्यात आम्ही दोघीच इतक्या पुढे बसायचो, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

मग आमची बैठक झाली, क्लासरूममध्ये, पंख्याखाली. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की हा तपास कुणाला दोषी ठरवायला नाही, पुन्हा असं होऊ नये म्हणून आहे. हे प्रत्येकाला सांगतात हे मला माहीत होतं. एअर रेग्युलेशनच्या पुस्तकातही ते अनेक्स 13 या आंतरराष्ट्रीय नियमांच्या नावानं येतं आणि आम्ही मार्कांसाठी पाठ केलेलं असतं. माझं निवेदन त्यांच्यापुढे होतं. प्रश्न साधे होते. किती वाजता उठलीस. काय खाल्लंस. सीट कोणत्या घरात ठेवतेस. उशा कुणाच्या. मग ते मोठे अधिकारी म्हणाले, "स्टार्टच्या आधी सीट हलवून पाहिलीस, घट्ट होती. मग साताठशे मीटर टॅक्सी केलीस, ब्रेक मारलेस, रन-अपला ब्रेक दाबून इंजिन 1700 वर नेलंस. तेव्हाही हलली नाही. बरोबर?"

"हो सर."

"मग टेकऑफलाच का हलली असेल?"

त्यांनी ते आरोपासारखं नाही विचारलं. त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं. ते कोडं सुटण्याचा एकच तुकडा माझ्याकडे होता आणि तो मी दडवल्यामुळे ते दोघं पुढचे आठ दिवस खिट्टीची स्प्रिंग, झीज, कंपनं यांच्या मागे फिरणार होते. मला एकदम लाज वाटली ती खोटं बोलल्याची नव्हे, त्यांचं गणित बिघडवल्याची. मी म्हटलं, "सर, होल्डिंग पॉइंटला मी सीट एक घर पुढे घेतली होती. नंतर हलवून पाहिली नाही. निवेदनात लिहिलं नाही मी."

पंखा फिरत होता. धाकट्या अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. मोठे म्हणाले, "आता लिही," आणि कोरा कागद पुढे केला. बाकी काही नाही. मी दुसरं निवेदन लिहिलं, साडेचार ओळींचं. सीनियरचं नाव त्यात नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही.

दोन दिवसांनी विमान क्रेननं उचलून हँगरमध्ये नेलं. इंजिन बाहेरून अगदी धडधाकट दिसत होतं. पण प्रोपेलर जमिनीला लागला की या इंजिनाचा मागचा भाग उघडून क्रँकशाफ्टचा गिअर तपासावाच लागतो, तसा सक्तीचा आदेश आहे. धक्का पात्यावरून सरळ आत जातो. विमानांची देखभाल करणारे आमचे इंजिनिअर, एएमई साहेब, ते खोलत असायचे आणि मला काही काम नसल्यानं मी पाने-स्क्रूड्रायव्हर हातात देत उभी राहायची. चौकशी पुरी होईपर्यंत माझं उडणं बंद होतं. एएमई साहेब पहिल्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचाही जबाब झाला होता. तिसऱ्या दिवशी हात पुसत म्हणाले, "या सीटच्या रुळांसाठी अमेरिकेच्या विमान नियामकानं, एफएएनं, 1987 साली आदेश काढला. 2011 ला सुधारून परत काढला. का काढला असेल सांग." मी गप्प. "कारण हे जगभर होतं. तुझ्या उशीनं नाही झालं पहिल्यांदा." मग थोड्या वेळानं, जास्त हळू, "भोक मी मागच्या तपासणीला बघितलं होतं. मर्यादेत होतं. कडेवर होतं."

आम्ही दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही. सीट मागे गेलीच तर अडवणारा आणखी एक पट्टा, गाडीच्या सीटबेल्टसारखा फिरकीचा, जुन्या विमानांसाठी मिळतो. तो आमच्या विमानात नव्हता. पुढे सगळ्या विमानांत बसला.

माझं उडणं सुरू व्हायला अकरा आठवडे गेले. लायसन्स रद्द वगैरे काही झालं नाही. वाढीव प्रशिक्षण, इन्स्ट्रक्टरबरोबर पाच तास आणि मग तपासणीची सॉर्टी, एवढंच. मला वाटलं होतं भीती टेकऑफची वाटेल. तशी ती वाटली नाही. भीती वाटायची पाठीशी जरा काही हललं की. उशी दबली, पट्टा सैल झाला, पाठ खाजली तरी उजवा हात दचकून थ्रॉटल ओढू पाहायचा. दुसऱ्या सॉर्टीला 45 नॉटवर मी खरोखरच थ्रॉटल बंद केला, काहीही झालेलं नसताना. ब्रेक मारले, धावपट्टीवर थांबलो. सरांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "सीट हलल्यासारखी वाटली." त्यांनी हात मागे घालून माझी सीट हलवून पाहिली. जागची हलत नव्हती. "बरं," ते म्हणाले, "रिजेक्टेड टेकऑफची प्रॅक्टिस झाली. चल परत." त्या दिवशी तीन वेळा थांबलो. चौथ्यांदा उडालो.

आईच्या उशांची जागा मापात कापलेल्या, खाली वेल्क्रो लावलेल्या फोमनं घेतली. आईला ते आवडलं नाही. तिच्या मते उशीत काही खोट नव्हती, आणि ती नव्हतीच.

अहवाल बऱ्याच महिन्यांनी आला. तो सगळ्यांना वाचता येतो. माझं नाव त्यात कुठेच नाही. मी आहे 'ट्रेनी पायलट'. इजा झालेल्यांचा तक्ता आहे, प्राणघातक शून्य, गंभीर शून्य. चावलेली जीभ किरकोळमध्येही धरलेली नाही. एका तक्त्यात मी शेवटच्या 90 दिवसांत, 30 दिवसांत, सात दिवसांत, 24 तासांत किती उडाले ते. प्रोपेलरच्या रेघांचं छायाचित्र आहे, शेजारी मोजपट्टी. संभाव्य कारण: पुन्हा सरकवलेली सीट लॉक झाल्याची खात्री केली नाही. हातभार लावणारं कारण: रुळाच्या भोकाची झीज, आणि ती कुणी नोंदवली नाही. माझ्या साडेचार ओळी तिथे एका वाक्याच्या झाल्या होत्या. सीनियर तोवर एअरलाइनच्या मुलाखती देत होता. त्यानं अहवाल वाचून मला फक्त अंगठा पाठवला. तो वर होता.

लॉगबुक परत मिळालं तेव्हा त्या तारखेची ओळ कोरीच होती. चीफ इन्स्ट्रक्टरांच्या सहीसाठी नेलं. मी धरून चालले होते की ते म्हणतील, सोडून दे. त्यांनी चष्मा लावला. "स्वतःच्या ताकदीनं हलल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ तो फ्लाइट टाइम. उड्डाणाच्या इराद्यानं हललीस ना? किती होतो?"

"14 मिनिटं सर."

"लिही मग. सोलो."

मी लिहिलं. 0:14. पुढच्या रकान्याशी थांबले. टेकऑफ किती, लँडिंग किती.

"हवेत होतीस का?"

"काही सेकंद."

"मग एक टेकऑफ." त्यांनी पेनाचं टोपण उघडलं. "आणि खालीही तूच आणलंस. एक लँडिंग."

"सर, ते लँडिंग..."

"चांगलं का वाईट याचा रकाना नाहीये त्यात," ते म्हणाले, आणि सही केली.